भंगारातल्या हार्ड डिस्कमधून आर्केड गेमची फिरकी: घरच्या घरी स्पिनर बनवताना

वैशाखात अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात. माझ्या लहानपणी त्या यात्रेत एका तंबूत लाकडी खोक्यातला व्हिडिओ गेम असायचा. त्याला दांडी नव्हती, नुसती एक गोल मूठ होती. ती फिरवली की पडद्यावरची फळी डावी-उजवीकडे सरकायची आणि चेंडू परत वर जायचा. झटका देऊन सोडली तरी मूठ आपल्या वजनानं थोडा वेळ फिरत राहायची. ते फिरणं माझ्या बोटांत अजून आहे. पुढे घरी कॉम्प्युटर आला, तसेच गेम कीबोर्डवर खेळून पाहिले, पण त्यात जीव नव्हता. बाण दाबला की फळी एकाच वेगानं सरकते. मुठीला मात्र हळू, जोरात, किंचित, एकदम, सगळं कळतं.

या मुठीला स्पिनर म्हणतात. मी तिला फिरकी म्हणतो. गेल्या वर्षी भंगारातल्या वस्तूंतून मी अशी एक बनवली, आणि ती तुम्हालाही बनवता यावी म्हणून प्रत्येक टप्पा इथे सांगतो आहे.

आधी एक फरक समजून घ्या. १९७२च्या 'पाँग' या गेममध्येही गोल मूठ होती, पण तिच्या मागे पोटेन्शिओमीटर होता. म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा, दोन्ही टोकांना अडणारा. स्पिनरला टोक नसतं. अटारी कंपनीच्या १९८१च्या 'टेम्पेस्ट'मध्ये कडेकडेनं गोल फिरत राहावं लागतं, तिथे अडणारी मूठ कामाचीच नाही. १९८२च्या 'ट्रॉन'मध्ये दांडी आणि फिरकी दोन्ही होत्या. तायतो कंपनीचा १९८६चा 'अर्कनॉइड' म्हणजे तर फळी, चेंडू आणि विटा. फिरकीचा खरा आनंद घ्यायचा तर माझ्या मते हाच.

आता मुख्य गोष्ट. रचना अशी: मूठ बसवलेली हार्ड डिस्कची तबकडी फिरते, तिची कड माऊसमधली दांडी फिरवते, आणि कॉम्प्युटरला वाटतं माऊस हलतोय. लोक या कामाला इलेक्ट्रॉनिक्स समजतात आणि तिथेच घाबरतात. इलेक्ट्रॉनिक्स तर जुन्या, खाली गोळा फिरणाऱ्या बॉल माऊसमध्ये तयारच मिळतं, त्याला फारसा हातही लावायचा नाही. फिरकी चांगली की वाईट हे ठरतं बेअरिंगवर, वजनावर आणि मध्य किती अचूक आहे त्यावर. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ तिथे घालवा.

बेअरिंग कुठून आणायचं

माझी पहिली निवड होती व्हीसीआरचं, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्राचं हेड ड्रम, फितीवरचं चित्र वाचणारं फिरतं ड्रम. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्हीच्या चित्रपद्धतीच्या व्हीएचएस व्हीसीआरमध्ये हे ६२ मिलिमीटर व्यासाचं ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतं, त्यामुळे त्याचं बेअरिंग फार सुरेख असतं. बोटानं ढकललं तर आवाज न करता फिरतं. पण त्यावर दुसरी चकती अगदी मध्यात बसवणं मला हातानं जमलं नाही. केसभर डुगडुग राहिली, आणि ती डुगडुग बोटांना लगेच कळते. ओळखीचा लेथवाला असेल तर ड्रम जरूर वापरा.

नसेल तर बंद पडलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क घ्या. तिच्यात बेअरिंग, त्यावर अचूक मध्यात बसलेली तबकडी आणि खाली जड अल्युमिनियमचा सांगाडा, हे सगळं कारखान्यातूनच एकमेकांशी जुळवून आलेलं असतं. आपण हातानं कधीच गाठू शकणार नाही अशी ती अचूकता आहे. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क घेऊ नका. तिच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटल्या की बारीक तुकडे उडतात.

भंगारातून मी एवढं आणलं: दोन बंद हार्ड डिस्क, बॉल असलेला एक जुना माऊस आणि एक मोडका टेपरेकॉर्डर. दुकानातले बाबा तराजूवर वजन करता करता म्हणाले, "हाई बंद पडेल डबडं कसाले लेस रे भाऊ?" मी त्यांना तिथेच बोटानं तबकडी फिरवल्याची खूण करून सगळं समजावलं. त्यांनी आतून आणखी एक माऊस काढून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन माऊस असलेले बरे, एक कापताना बिघडू शकतो.

बाकीचं घरात किंवा गल्लीत सापडेल. सायकलच्या व्हॉल्ववर चढवतात ती बारीक रबरी नळी, एक लहान बिजागरी, एक मऊ स्प्रिंग, सुताराकडे उरलेले १२ मिलिमीटर प्लायचे तुकडे, ३२ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणि त्याचं टोपण, दारावरच्या घंटीची दोन बटणं. हत्यारांमध्ये हॅकसॉ, कानस, सोल्डरिंग, मल्टिमीटर आणि टॉर्क्सचे पेचकस, म्हणजे टोकाला सहा पाकळ्यांचा तारा असलेले. टी६ आणि टी८ हे दोन असले तर बहुतेक काम होतं.

हार्ड डिस्क उघडणं आणि कापणं

डिस्क स्वतःची असेल आणि आतलं काही हवं असेल तर आधी काढून घ्या. एकदा उघडली की ती परत डिस्क म्हणून चालायची नाही.

खालचं सर्किट आधी काढा. मोटरच्या तारा कशालाच जोडलेल्या नसलेल्या बऱ्या, कारण त्या एकमेकींना टेकल्या तर मोटर स्वतःच ब्रेकसारखी ओढ देते. मग वरचं झाकण. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू लेबलखाली दडलेला असतो. लेबलवरून अंगठा दाबत न्या, खळगा लागेल तिथे फाडा. आत तबकडीवरून सरकणारा, माहिती वाचणारा एक हात असतो, त्याच्या बुडाशी दोन चुंबक असतात. ते फार जोरकस असतात, बोटाची कातडी मध्ये सापडली तर रक्त येतं. पेचकसानं तिरपं उचलून एकेक सुटा करा आणि लगेच लांब ठेवा.

मधल्या गोल पट्टीचे स्क्रू सोडवून तबकड्या बाहेर काढा आणि स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा. त्यांच्यामधल्या कड्या हरवू देऊ नका.

आता सांगाड्याचा तो भाग कापायचा, जिथे हात आणि चुंबक होते. माऊस तबकडीच्या कडेला उभा टेकवायचा आहे आणि सांगाड्याचा तळ त्याच्या आड येतो. तबकडी ९५ मिलिमीटर व्यासाची असते. ती मोटरवर परत ठेवून कडेची रेघ आखा, आणि कड चार-पाच मिलिमीटर बाहेर डोकावेल अशा बेतानं आतून कापा. अल्युमिनियम मऊ आहे, हॅकसॉनं अर्ध्या-पाऊण तासात कापून होतं. पण कापण्याआधी मोटरवर प्लास्टिकची पिशवी घालून भोवती चिकटपट्टी घट्ट लावा. ब्लेडचा लोखंडी कीस मोटरच्या चुंबकाकडे ओढला जातो, आणि एकदा आत गेला की फिरताना खरखर कायमची. डोळ्यांवर चष्मा हवाच.

कापून, कडा कानसून, ब्रशनं झाडून झालं की पिशवी काढा आणि तबकड्या परत बसवा. दोन तबकड्या असतील तर दोन्ही बसवा, दुसऱ्या डिस्कमधली मावत असेल तर तीही. वजन जितकं कडेला, तितकं फिरणं लांबतं. माझ्याकडे दोन बसल्या. एका टिचकीत साधारण आठ-नऊ सेकंद फिरतात. जुन्या डिस्कमध्ये छऱ्यांचं बेअरिंग असतं, ते जास्त वेळ फिरतं पण किंचित आवाज करतं. नंतरच्यांत तेलाच्या थरावरचं बेअरिंग आलं, ते नि:शब्द पण थोडं जड. मला नि:शब्द आवडतं.

माऊसमधला डोळा

बॉल माऊस उघडून एकदा नीट पाहा, फार साधी आणि हुशार गोष्ट आहे. बॉलला टेकलेल्या दोन दांड्या असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. प्रत्येकीच्या टोकाला फटींचं चाक. चाकाच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकणारा एलईडी, दुसऱ्या बाजूला काळा सेन्सर. त्या एकाच सेन्सरमध्ये दोन डोळे किंचित अंतरानं बसवलेले असतात. चाक फिरलं की आधी एका डोळ्यासमोर उजेड येतो, मग दुसऱ्या. कुठला आधी, यावरून दिशा कळते. किती वेळा, यावरून अंतर. अशा रीतीनं एका फटीमागे चार पायऱ्या मोजता येतात. माझ्या चाकाला ३६ फटी होत्या, म्हणजे एका फेऱ्याला १४४ पायऱ्या.

एलईडी, चाक आणि सेन्सर यांची जुळणी केसाच्या अंतराची असते. म्हणून ते सुटं करून नव्यानं बसवण्याच्या फंदात पडू नका. मी पहिला माऊस तसाच वाया घालवला. वरचं झाकण आणि बॉल काढा. खालचं बूड, त्यावरचं सर्किट आणि दांड्या जिथल्या तिथे राहू द्या. दांड्या वरून उघड्या खाचांमध्ये बसलेल्या असतात, त्यामुळे वरून तबकडीची कड टेकवली तर दांडी खाचेत आणखी घट्ट बसते. बॉलभोवतीच्या भिंती दांडीपेक्षा उंच असतील तेवढ्याच कापून टाका.

दोघींपैकी बाण वर-खाली हलवणारी दांडी निवडा. ती माऊसच्या रुंदीत आडवी असते, त्यामुळे बूड कुशीवर उभं केलं की दांडी सरळ उभी होते आणि उंची सहा सेंटिमीटरच्या आसपासच लागते. दुसरी दांडी चाकासकट काढून ठेवा, आणि बॉल दाबणारं तिसरं चाकही. गेममध्ये उभ्या हालचालीला फिरकी मानायला सांगता येतं, ते पुढे येईल.

उलटी पळणारी फळी

पहिल्यांदा मी दांडीवर फक्त सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी चढवली, पकड यावी म्हणून. जाडी झाली साधारण ५ मिलिमीटर. हळू फिरवलं की सुंदर चाललं. मग धुळ्याहून आलेल्या भाच्यानं जोरात झटका दिला आणि ओरडला, "मामा, फळी उलटीच पळतेय!" मूठ उजवीकडे फिरत होती आणि फळी डावीकडे जात होती.

तो दोष तारांचा नव्हता. हिशेब करा. ९५ मिलिमीटरची तबकडी ५ मिलिमीटरच्या दांडीला टेकली की तबकडीच्या एका फेऱ्यात दांडी १९ फेरे घेते. हाताच्या झटक्यात तबकडी सेकंदाला ३ फेरे सहज घेते, म्हणजे दांडीचे ५७, आणि ३६ फटींनी गुणलं तर सेकंदाला २,०५२ फटी डोळ्यासमोरून जातात. माऊसची चिप टेबलावर हातानं सरकणाऱ्या बॉलसाठी बनवलेली आहे, तिला एवढा वेग झेपत नाही. मधल्या पायऱ्या तिच्याकडून निसटतात, आणि उरलेल्या पायऱ्यांवरून तिला दिशा उलटी भासते. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसंच.

उपाय म्हणजे दांडी जाड करणं. टेपरेकॉर्डरमध्ये फितीला दाबून पुढे नेणारं छोटं रबरी चाक असतं, त्याला पिंच रोलर म्हणतात. त्याचं रबर अलगद ओढून काढा. दांडीवर सायकलच्या नळीचे एकावर एक थर चढवून आतली फट भरा आणि त्यावर हे रबर बसवा. माझं १३ मिलिमीटरचं होतं. आता तबकडीच्या एका फेऱ्यात दांडी साधारण ७.३ फेरे घेते. सेकंदाला ३ फेऱ्यांच्या झटक्यात ७९० फटी, आणि फळी परत कधी उलटली नाही. मुठीच्या एका फेऱ्याला साधारण १,०५० पायऱ्या मिळतात, त्या कुठल्याही गेमला पुरून उरतात. तुमच्या चाकाच्या फटी आणि रबराची जाडी मोजून हाच हिशेब आधी कागदावर करा.

रबर दांडीवर तिरपं बसलं तर एका फेऱ्यात एकदा दाब वाढतो, एकदा सुटतो. दांडी खाचेत ठेवून बोटानं फिरवा आणि शेजारी सुईचं टोक धरा. सुई आणि रबर यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसेपर्यंत सरळ करत राहा.

टेकवणं

माऊसचं बूड बिजागरीवर उभं करा, म्हणजे ते दार उघडल्यासारखं तबकडीकडे आणि परत सरकेल. स्प्रिंगनं ते तबकडीकडे हलकेच ओढलेलं ठेवा. घट्ट स्क्रूनं ठोकू नका. दाब किती हवा, याची परीक्षा अशी: तबकडीवर एक खूण करा, पडद्यावर बाण कुठे आहे ते पाहा, मूठ एक पूर्ण फेरा पुढे आणि एक पूर्ण फेरा मागे आणा. बाण जागेवर परत आला पाहिजे. मागे-पुढे राहिला तर रबर घसरतंय, दाब थोडा वाढवा. बाण परत येतो पण फिरकी तीन-चार सेकंदांतच थांबते, तर दाब जास्त आहे. ही परीक्षा करण्याआधी विंडोजच्या माऊस सेटिंगमधला, वेगानुसार बाणाची धाव आपोआप वाढवणारा पर्याय बंद करा, नाहीतर दरवेळी वेगळं उत्तर येईल.

मूठ आणि खोकं

खोक्याची उंची माऊसच्या बुडाइतकी ठेवावी लागते, म्हणून मूठ वर आणायला पीव्हीसी पाइपचा तुकडा कामी येतो. पाइपचं खालचं टोक कानशीनं अगदी सपाट करा आणि दोन भागांचा इपॉक्सी गोंद लावून तबकड्यांच्या मधल्या पट्टीवर उभं ठेवा. गोंद पक्का होण्याआधी मध्य साधायचा. तबकडी सावकाश फिरवा आणि पेन्सिलीचं टोक स्थिर धरून पाइपच्या वरच्या टोकाजवळ न्या. पाइप जिथे बाहेर झुकलाय तिथेच पेन्सिलीची रेघ उमटेल. रेघेच्या बाजूनं किंचित आत ढकला, परत फिरवा. कुंभार चाकावर मातीचा गोळा मध्यात आणतो तसंच हे काम आहे, पाच-सहा वेळा करावं लागतं. रेघ पूर्ण गोल उमटली की हात काढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी वर टोपण बसवा. त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तर पकड छान येते.

गोंदाबद्दल एक आग्रह. ग्लू गनचा गोंद कुठेही वापरू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. तो गोंद मऊ पडतो आणि माऊसचं बूड हळूच तिरकं होतं. माझं झालं होतं.

डिस्कच्या तळाला कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे जाड स्क्रू बसतात, त्यांनी ती प्लायवर कसा. उंची अशी जुळवा की तबकडीची कड रबराच्या बरोबर मध्यावर येईल, खाली लाकडाचे तुकडे घालून. खोकं चहूबाजूंनी बंद हवं. उन्हातही तोच अदृश्य प्रकाश असतो, तो थेट सेन्सरवर पडला तर फळी थरथरते. आपल्याकडची धूळही चाकाच्या फटींत बसते.

बटणांसाठी माऊसच्या क्लिकच्या छोट्या स्विचला खालून दोन तारा सोल्डर करून बाहेर आणा. स्विचला तीन पाय असतात. मल्टिमीटरनं बघा, दाबल्यावर कुठले दोन जुळतात ते, आणि त्यांनाच तारा लावा. दुसऱ्या टोकाला दारावरच्या घंटीचं बटण. कॉम्प्युटरकडून येणारी वीज फक्त ५ व्होल्टची असते, त्यामुळे मुलांच्या हातात द्यायला भीती नाही. 'अर्कनॉइड'ला एक बटण पुरतं, 'टेम्पेस्ट'ला दोन लागतात.

कॉम्प्युटरला जोडणं

जुना माऊस गोल पिनचा, म्हणजे पीएस/२चा असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाच लावा. चालू असताना लावलेला बहुतेक वेळा ओळखला जात नाही आणि पोर्ट बिघडण्याचीही शक्यता असते. तसा पोर्टच नसेल तर आत चिप असलेला यूएसबी कन्व्हर्टर घ्या. नुसता आकार बदलणारा हिरवा जोड सगळ्या माऊसना चालत नाही.

जुने आर्केड गेम चालवणारं 'मेम' हे सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे आणि मोफत आहे. त्याच्या मेम.आयएनआय फाइलमध्ये माऊसच्या ओळीपुढे १ लिहा. गेम सुरू करून टॅब दाबा, इनपुटच्या यादीत डायलची, म्हणजे फिरकीची, ओळ निवडा आणि मूठ फिरवा, म्हणजे उभी हालचाल डायलला जोडली जाईल. नंतर अॅनालॉग कंट्रोल्समध्ये संवेदनशीलता कमी करत या. मी 'अर्कनॉइड'साठी मोजमाप असं धरलं: मनगट न उचलता, फक्त बोटांच्या वळणानं फळी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली पाहिजे. दिशा उलटी असेल तर तिथेच रिव्हर्सचा पर्याय आहे. मूळ गेमच्या फाइली ज्यांच्या मालकीच्या त्यांच्या परवानगीनंच घ्या. मोफत आणि खुलं काही हवं असेल तर लिनक्सवरचा 'एलब्रेकआउट २' माऊसनं खेळता येतो. मात्र तिथे आडवी हालचाल लागते, म्हणून तोच खेळायचा असेल तर सुरुवातीलाच दुसरी दांडी निवडा आणि खोकं उंच करा.

वापरात एकच देखभाल आहे. महिन्यातून एकदा तबकडीची कड आणि रबर स्पिरिटच्या कापसानं पुसा, आणि खेळ संपला की बिजागरी मागे ओढून रबर तबकडीपासून सुटं ठेवा. मी त्यासाठी खोक्याबाहेर एक दोरी काढून खिळ्याला अडकवायची सोय केली आहे. रबर दिवसेंदिवस एकाच जागी दाबलेलं राहिलं तर त्याला तिथे सपाट डाग पडतो, आणि मग मुठीच्या प्रत्येक फेऱ्यात बोटांना सात वेळा ठेच लागते.